कॉडिलबाईंच्या हद्दीचा दगड

केंटकीच्या डोंगराळ भागात जमीन मोजण्याचा परवाना हवा असेल, तर नुसता अभ्यास करून भागत नाही. आधी एखाद्या परवानेवाल्या मोजणीदाराच्या हाताखाली चार वर्षं घासावी लागतात, आणि त्याने सही दिल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. ट्रेसा हॉलिनची चार वर्षं मार्चमध्येच भरली. पण सही होती गार्लंड प्रुइटच्या हातात, आणि हा गृहस्थ चार वर्षांत गाडीतून खाली उतरला नव्हता. काटे तुडवायचे तिने, साप हाकलायचे तिने, नकाशावर शिक्का मात्र याचा. हा खिडकीत बसून तंबाखू चघळणार आणि रिकाम्या बाटलीत पिचकाऱ्या मारणार. ती बाटली पाहून ट्रेसाला रोज मळमळायचं.

त्या दिवशी गार्लंडच्या एका गिऱ्हाइकाची जमीन मोजायची होती, आणि कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड शेजारच्या जमिनीच्या मालकीण नडीन कॉडिलबाईंनीच दाखवला. म्हातारीने स्वतः वाकून पालापाचोळा बाजूला सारला. दगडावर फुली कोरलेली, अगदी जुन्या खरेदीखतात लिहिली होती तशी.

"माझ्या सासऱ्यांच्याही आधीचा आहे हा. झरा आमच्या अंगाला," बाई म्हणाल्या आणि मक्याचा पाव भट्टीत आहे म्हणून घरात गेल्या.

ट्रेसाने मोजून पाहिलं. खतातल्या आकड्यांनी कोपरा बाईंच्या जमिनीत वीस फूट आत सरकत होता, आणि झरा गार्लंडच्या गिऱ्हाइकाला जात होता. ती गाडीपाशी आली.

"दगड सापडलाय. आकडे चुकलेत. त्या काळी उतारावर मोजणीची साखळी ओढून मोजायचे, चुकणारच."

"मग आकड्यांवर खुंटी ठोक."

"जुना दगड जागेवर असला की तोच खरा. परीक्षेतही हेच विचारतात."

"मग परीक्षेत लिही की." त्याने पिचकारी मारली. "दगड सापडलाच नाही असं समज. ओढा काही लांब नाही."

"म्हणजे उपटू?"

"मी कुठे काय म्हटलं? फॉर्म इथेच आहे, पेनही आहे. नाहीतर धर दुसऱ्या कुणाचे पाय. या चार वर्षांबद्दल मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

गार्लंडची किळस तर ट्रेसाला रोजचीच होती. आज आपण नाही म्हणत नाही आहोत हे तिला कळलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी तिने मागून पहार काढली. दगड बघता बघता निघाला. ओढ्यापर्यंत तिने तो पोटाशी धरून नेला, आणि घराकडे एकदाही पाहिलं नाही.

परत आली तेव्हा गार्लंड फॉर्म भरत होता. अनुभव लिहिला, सही ठोकली. शेवटी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल दोन शब्द लिहायचे होते.

"हे मी मनापासून लिहितोय हं, पोरी," तो म्हणाला आणि लिहिलं, 'अत्यंत प्रामाणिक'.

ट्रेसाचे हात चिखलाने भरले होते. डाग पडू नये म्हणून तिने कागद दोन बोटांच्या टोकांनी धरला.