दिव्यातला मोगरा

पडदे ओढलेल्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मेलेल्यांचे आत्मे बोलावणाऱ्या ताईंनी टेबलावरचा विजेचा दिवा लावला, डोळे मिटले.

"ये गं माये! आत्म्याला देह नसतो, सुगंध असतो!"

थोड्या वेळात मोगरा दरवळला. "आली! आली!" लोकांनी हात जोडले. पुढे बसलेला घड्याळदुरुस्तीवाला हमसून रडू लागला. त्याची वारलेली बायको मोगऱ्याचं तेल लावायची. आत्म्यांना म्हणे स्वतःचा वास आठवत नसे. नातेवाइकांना तो ताईंच्या भाचीला आधी सांगून ठेवावा लागे.

त्याची मुलगी मागे उभी होती. ती विद्यापीठात पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत होती. वसतिगृहात तिचं कुणाशी जमलं नव्हतं. पूर्वी वडील रोज फोनवर तासभर बोलायचे. आता "आईशी बोललो आज" एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. आई तर गेलीच होती, आता वडीलही हातचे चालले होते.

पण हा वास तिच्या ओळखीचा होता. आदल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत व्हिनेगरमधलं आम्ल आणि एक अल्कोहोल एकत्र तापवून तिने तो स्वतः तयार केला होता. अशा पदार्थांना एस्टर म्हणतात. फुलाफळांचे कितीतरी वास त्यांचेच, आणि ऊब मिळाली की ते चटकन दरवळतात.

पुढच्या बैठकीला ती पुढे आली.

"ताई, आज दिवा न लावता बोलवा."

"प्रकाशाविना आत्म्याला वाट कशी दिसेल, पोरी?"

"एवढंच ना!" तिने पडदे सरकवले. लख्ख ऊन आत आलं. ताईंनी खूप आळवलं, घाम पुसला. मोगरा काही येईना.

मग तिने दिव्याची शेड उचलली. बल्बला टेकवलेला कापसाचा ओला बोळा सगळ्यांनी पाहिला. तिने बटण दाबलं. बल्ब तापला आणि आत्मा हजर झाला!

ताई भाचीवर खेकसत आत पळाल्या. रस्त्यात वडिलांचा बांध फुटला, "काय मिळवलंस? पुन्हा नेलीस तिला!"

"बाबा, आईच्या अंगाला नुसता मोगऱ्याचा वास कुठे यायचा? शिलाई मशीनच्या तेलाचा यायचा, इस्त्रीच्या वाफेचा यायचा. ते तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून इथे आलं नाही."

वडील थांबले. मग म्हणाले, "दोरा दातानं तोडायची. कितीदा ओरडलो मी."

दोघं तिथेच एका घराच्या पायरीवर बसून रडली.

दुःख खरं असतं, म्हणून त्यावर थाटलेलं दुकान खरं ठरत नाही. आधी पारखा, मग हात जोडा. आणि फारच एकटं वाटलं, तर जिवंत माणसाशेजारी जाऊन बसा.