भरलेली फळी

काका जंगल बघायला आले नव्हते. ते माझी नोकरी तपासायला आले होते, आणि त्यांच्या तपासणीवर देखरेख करायला आत्या आली होती. काकू आली होती, कारण ते दोघं निघाले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे बोलणार आहे त्यात माझा राग येणारच, लपवून उपयोग नाही.

अभयारण्यात माझा हा तिसरा हंगाम. हंगामी नोकरी म्हणजे सहा महिने काम, आणि उरलेले सहा महिने घरी बसून “मग, आता पुढे काय?” हे ऐकायचं. या वर्षी पहिल्यांदाच आमच्या चौकीत कायमची एक जागा निघाली होती. तिच्यासाठी दोघं होतो. एक मी, आणि दुसरा माझ्याबरोबरचाच एक लांबलचक गडी, ज्याला सगळे बांबू म्हणतात. नाव ठरवायचं होतं मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे आमच्या चौकीच्या प्रमुख. त्या सोमवारी नाव वर पाठवणार होत्या, आणि काका शनिवारी टपकले.

फोनवर मी परोपरीने सांगून बघितलं होतं. “काका, पुढच्या महिन्यात या. आत्ता फार गडबड आहे.”

“अगं, म्हणूनच तर येतोय. तुझ्या साहेबांना भेटतो. दोन शब्द टाकले की फरक पडतो.”

“साहेब नाहीत, बाई आहेत. आणि शब्दबिब्द टाकायचे नाहीत.”

“बरं बाई, नाही टाकत,” काका म्हणाले, आणि ते नक्की टाकणार हे मला त्याच क्षणी कळलं.

आमच्याकडे एक फळी आहे. चौकीच्या दारातच, साध्या लाकडाची, तिच्यावर साठ खिळे आणि साठ पितळी बिल्ले. जंगलात शिरणाऱ्या प्रत्येकाने एक बिल्ला गळ्यात घालायचा आणि परत आल्यावर ज्याचा त्याने आपल्या खिळ्यावर अडकवायचा. संध्याकाळी साडेपाचला फळीवर जो असेल तो खिळे मोजतो. सगळे भरले असले तर वॉकीटॉकीवर दोनच शब्द सांगायचे, “फळी भरली.” मग खालचं फाटक बंद होतं, गस्तीची जीप आत लागते, दिवस संपतो. एक जरी खिळा रिकामा असला तरी कोणीही घरी जात नाही. बस, एवढंच आहे सगळं. मोठ्या बाई म्हणतात, प्राणी कोणीही ओळखेल, मला फळी सांभाळणारं माणूस हवं.

त्या दिवशी त्यांनी मला दुपार मोकळी दिली ती एकाच अटीवर. पाच वाजता मी फळीवर हजर पाहिजे.

दीड वाजता आम्ही निघालो. तळ्यापर्यंतची वाट माझ्या पायांनी जाऊन-येऊन दीड तासाची. काकांनी पहिल्या पाच मिनिटांतच हात पुढे केला. “आणा रे सगळ्यांचे बिल्ले इकडे.” आमच्या घरात प्रवासाची तिकिटं काकांच्या खिशात असतात, अगदी माणूस एकटा प्रवासाला निघाला असला तरी.

“काका, ज्याचा त्याने गळ्यात घालायचा असतो.”

“हरवेल ना. तुझी आत्या स्वतःची चप्पल हरवते.”

आत्याने लगेच काढून दिला. काकूनेही दिला. मी गप्प बसले. नमनालाच घडाभर तेल नको, असा विचार केला. माझं पहिलं चुकलं ते तिथे.

पुढच्या अडीच तासांत माझ्या नाकी नऊ आले. आत्याला दर वळणावर जनावर हवं होतं. “इथे काहीच कसं नाही गं? एवढं लांबून आलो.” मी म्हटलं, आत्या, हळू बोललीस तर दिसेल. त्यावर ती हळू आवाजात पंधरा मिनिटं बोलली. काकांनी एका खारीला बिस्किट घातलं. मी सांगितलं, इथे खाऊ घालायची मनाई आहे. ते म्हणाले, “मनाई बाहेरच्यांना. आपण घरचे.” मी त्यांच्याच पुतणीने, म्हणजे मीच, रंगवलेली पाटी दाखवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि दुसरं बिस्किट घातलं.

चालता चालता ते आपल्या ऑफिसाच्या गोष्टी सांगत होते. काका छत्तीस वर्षं हेडक्लार्क होते, हजेरीचं मस्टर त्यांच्याकडे असायचं. “एका माणसाचा लेटमार्क पडू दिला नाही मी कधी,” ते म्हणाले. “कोण अर्धा तास उशिरा, कोण दोन तास. मी आपली सही मारून ठेवायचो. माणसाने माणसाला सांभाळावं लागतं. तुझ्या बाईंना हे कळायला पाहिजे.”

“बाईंना फळी कळते,” मी म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

तळ्यावर मात्र एक चांगली गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. पलीकडच्या काठावर पाणमांजर आलं. मी माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून पहिल्यांदा काकूला दिली, कारण ती एकटीच काही मागत नव्हती. तिने कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाली, “मासा दोन हातांत धरून खातंय. कसं निवांत.” तेवढ्यात आत्याने “कुठे, कुठे” करून ते पळवून लावलं. मी वैतागून दुर्बीण काकूच्या हातून घेतली, बाकावर ठेवली आणि घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग परतीची घाई. काका दर दोनशे पावलांवर बसत होते. पाचला दहा कमी असताना आम्ही शेवटच्या रुंद वाटेला लागलो. तिथून चौकी पंधरा मिनिटांवर, मध्ये फक्त एक फाटा, आणि तोही पाटी लावलेला. मी म्हटलं, “मी धावत पुढे होते. तुम्ही सरळ या. फाट्याला उजवीकडे.” खरं सांगायचं तर मला पाच वाजताची काळजी होती तितकीच त्यांच्यापासून सुटायची घाई होती. धावताना मला किती हलकं वाटलं ते काय सांगू.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मी फळीसमोर बसले. माणसं येत गेली, बिल्ले अडकत गेले. मोठ्या बाई आतल्या खोलीत कागद बघत होत्या, दार उघडं होतं. सव्वापाचला बाहेर काकांचा आवाज आला, आत्याचा आवाज आला. मी वही उघडून मान खाली घातली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांचा हात दिसला. एकतीस, बत्तीस, तेहेतीस, तिन्ही बिल्ले टकटक करत खिळ्यांवर गेले. “आलो बरं का आम्ही,” म्हणत ते थेट बाईंच्या खोलीत शिरले. मी डोळे मिटले. आता ते दोन शब्द टाकणार होते आणि मला तिथेच बसून ऐकायचं होतं.

“लहानपणापासून जबाबदार आहे हो,” आतून ऐकू आलं.

साडेपाचला मी खिळे मोजले. साठ. वॉकीटॉकी उचलला. “फळी भरली.” खालून बांबू म्हणाला, “फाटक लावतो.”

सहाला दहा कमी असताना आत्या कप घेऊन दारात आली. “अगं, वहिनीचा चहा गार होतोय. कुठे बसलीये ती?”

“तुमच्याबरोबरच ना?”

“नाही बाई. तू धावत पुढे गेलीस तशी ती मागे वळली ना. आलेच म्हणाली. मी दादाला सांगितलं होतं की.”

मी फळीकडे बघितलं. बत्तीस नंबर आपल्या जागी लोंबत होता.

काका बाहेर आले. मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी आत बाईंकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “ती येतच होती गं मागून. पाच वाजून गेलेले, बाई समोर बसलेल्या, आणि तुझ्याच घरच्या माणसाचा खिळा रिकामा. कसं दिसलं असतं ते? तुझ्यासाठीच अडकवला मी.”

मला हसावं की रडावं कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. मी काही बोलायच्या आत ते आणखी जवळ आले. “हे बघ, बोभाटा करू नकोस. आपण दोघं गुपचूप जाऊ आणि घेऊन येऊ. बिल्ला खिळ्यावर आहे. कोणाला काय कळतंय?”

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. फाट्यापर्यंत दहा मिनिटं. अजून उजेड होता थोडा. काकू बहुतेक वाटेवरच असेल. अर्ध्या तासात परत आलो तर सोमवार जिथल्या तिथे राहील. सांगितलं तर सोमवार गेला, कारण भरलेली फळी परत घ्यायची वेळ आमच्या चौकीत तीन वर्षांत कोणावर आली नव्हती. पण फाट्याला डावीकडची वाट घळीकडे उतरते, आणि काकूला संध्याकाळी कमी दिसतं. हेही मला माहीत होतं.

मी वॉकीटॉकी उचलला. “फळी रिकामी. एक. बत्तीस नंबर, बाई, वय चौसष्ट.” काकांनी कपाळाला हात लावला. मोठ्या बाई आतून उठून आल्या, माझ्याकडे न बघता जॅकेट चढवलं आणि बाहेर गेल्या.

काकू पस्तीस मिनिटांनी सापडली. बांबूला सापडली, खालच्या फाटकाशी. ती फाट्याला चुकली होती, घळीच्या कडेकडेने उतरून फाटकापर्यंत पोचली होती, आणि फाटकाला कुलूप होतं. तिने हाका मारल्या होत्या. तिथे ऐकायला कोणी नव्हतं, कारण फळी भरली होती. टाच सोलवटलेली, साडीचा काठ ओला, थंडीने बोटं आखडलेली. गळ्यात माझी दुर्बीण.

“बाकावर विसरली होतीस,” ती म्हणाली. “तिच्यावर सरकारी नंबर आहे. म्हटलं, तुला उगाच बोलणी बसतील.”

चौकीत सगळे उभे राहिलो. मोठ्या बाईंनी विचारलं, “बिल्ला कोणी अडकवला?”

छत्तीस वर्षं मस्टर सांभाळणारे काका भिंतीवरचा नकाशा बघत राहिले. मी वाट बघितली. अगदी मनापासून बघितली. शेवटी काकूच म्हणाली, “यांनी.” तशी काकांना वाचा फुटली. “बाई, तसं नाही, आमच्या ऑफिसात काय असायचं—”

“इथे ऑफिस नाही,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला मी काही विचारत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “मोजली कोणी?”

“मी.”

“खिळे मोजलेस. माणसं तीन हवी होती, तीही तुझ्याच घरची. आली दोन, तुझ्यापासून चार हातांवर. वर का बघितलं नाहीस?”

मला सांगता आलं असतं की गर्दी होती. वही भरत होते. काकांवर विश्वास ठेवला. यांपैकी एकही धड खोटं नव्हतं. बाईंनी ड्रॉवरमधून छापील कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. कोणी हरवलं की तो भरावा लागतो. वेळ, जागा, नंबर, आणि खाली ‘कारण’ असा लांबच लांब रकाना.

“इथे लिही. सोमवारी हाच कागद वर जाईल,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

काका माझ्या कानाशी लागले. “लिही, काकांनी अडकवला. लिही, माझी हरकत नाही.” आणि खरंच त्यांची हरकत नव्हती. त्या क्षणी ते बिचारे दिसत होते, आणि तेवढ्यानेसुद्धा मला त्यांचा राग आला.

मी लिहिलं, “पाहुणे माझे नातेवाईक होते. दुपारभर मी त्यांना कंटाळले होते. मला त्यांची तोंडं बघायची नव्हती, म्हणून मी वर बघितलं नाही.” लिहून झाल्यावर वाचलं नाही. वाचलं असतं तर खोडलं असतं.

त्या कागदावर हरवलेल्या माणसाचीही सही लागते. बाईंनी तो उचलून काकूपुढे ठेवला. मी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. काकूने चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि सावकाश वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून. वेळ, जागा, नंबर. काकू शेवटच्या रकान्यावर थांबली. तिथे तिने जरा जास्त वेळ घेतला. मग आखडलेल्या बोटांनी पेन धरून पूर्ण नाव लिहिलं.

“खरं लिहिलंयस,” ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, कागदच बघत होती. “तळ्यावर तू दुर्बीण आधी मला दिलीस ना, तेव्हा मला वाटलं, चला, हिला आपण आलेलं बरं वाटतंय.”

मोठ्या बाईंनी कागद घेतला, वर तारीख घातली आणि फाइलमध्ये लावला.