नीळकंठ सरांची तिरपी मान

कुशलची मान तिरपी होती, पण जन्मापासून नव्हती. ती त्याने मेहनतीने कमावलेली होती.

धामणगाव बढेहून तो बुलढाण्याच्या कॉलेजात शिकायला आला तेव्हा चांगला सरळ मानेचा पोरगा होता. मग त्याने बास्केटबॉलच्या कोर्टाकडेला, निंबाखाली उभे असलेले नीळकंठ सर पाहिले. सर नेहमी त्याच कोपऱ्यात उभे राहायचे. हात पाठीमागे बांधलेले, तोंड जरासं उजवीकडे वळवलेलं, मान कलती. सगळा खेळ ते असे तिरके न्याहाळायचे. गुरूचा गुण घ्यावा म्हणतात. कुशलने मानेपासून सुरुवात केली. पुढे तो टीमचा कप्तान झाला, शिकून तिथेच सरांच्या हाताखाली तात्पुरत्या नेमणुकीवर लागला, आणि मान तशीच राहिली. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याला बाजूने कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. बायको अजून त्यावरून बोलते.

आता सर निवृत्त होणार होते. उभी हयात त्यांनी त्या सिमेंटच्या कोर्टावर काढली होती. त्यांच्या जागी कोण, यावर चहाच्या टपऱ्यांवर पैजा लागल्या होत्या. कुशलला मात्र यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. पोरं त्याला 'छोटे सर' म्हणत. नाशिकच्या एका शाळेने बोलावलं तेव्हा तो गेला नव्हता, तो याच जागेसाठी. ही जागा मिळाली नाही तर आपण कोण, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

प्राचार्य सुलभा मॅडमनी आलेल्या अर्जांतून दोन नावं बाजूला काढली. एक कुशलचं आणि दुसरं समीनाचं. समीना देऊळघाटची. कुशल सरांच्या हाताखाली लागला त्या सुमारास ती पहिल्या वर्षाला आली होती, चार वर्षं याच कोर्टावर खेळली होती, आणि आता चिखलीकडच्या एका शाळेत खेळ शिकवत होती. कुशलला ती आठवत होती ती एकाच कारणासाठी. पोरगी प्रश्न फार विचारायची.

मॅडमनी दोघांना बोलावून सांगितलं, "एकेक संध्याकाळ दोघांनीही प्रॅक्टिस घ्या. सर बघतील आणि सांगतील. ते सांगतील तेच नाव मी संस्थेकडे पाठवीन."

कुशल मनात मांडे खात घरी गेला. सरांसारखी प्रॅक्टिस घ्यायची तर जिल्ह्यात त्याच्याइतकी कुणाला येणार होती?

आता सरांसारखी म्हणजे कशी, ते सांगायला हवं. या कोर्टावर एक रिवाज होता. कुणीही बॉल बास्केटकडे फेकला आणि तो हुकला, की निंबाखालून सरांचा आवाज यायचा, "काय झालं?" मग फेकणाऱ्याने स्वतःच ओरडून सांगायचं. लांब. आखूड. डावा गेला. उजवा गेला. सांगितल्याशिवाय दुसरा बॉल हातात मिळत नसे. वर्षानुवर्षं हे असं चालल्यामुळे इथल्या पोरांना सवयच लागली होती. अमरावतीला विद्यापीठाच्या सामन्यांत बुलढाण्याची पोरं बॉल हुकला की आपल्याशीच "आखूड" पुटपुटायची, आणि समोरची टीम हसायची. हसून झालं की बऱ्याचदा हरायची.

सर असं का विचारतात, याबद्दल गावात मतं उदंड होती. मराठीचे प्राध्यापक म्हणत की हे आत्मपरीक्षण आहे. खेळाडूने आपली चूक आपल्या तोंडाने कबूल करायची, म्हणजे अहंकार गळतो. कुणी सांगे की सर तरुणपणी हिवरा आश्रमात जाऊन राहायचे, हे तिथून आणलेलं आहे. एका छापील बातमीत तर या पद्धतीला नावसुद्धा मिळालं होतं. सर यातलं काहीच खोडून काढत नसत आणि काही कबूलही करत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुशलची संध्याकाळ आली. त्याने कोर्ट झाडून घेतलं, शिट्टी गळ्यात अडकवली आणि निंबाखाली, सरांच्या जागेवर, सरांच्याच मानेने उभा राहिला. खुद्द सर आज बास्केटमागे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. खेळ सुरू झाला आणि सरांनी डोळे मिटून घेतले.

कुशलने वाकून पाहिलं. झोपले की काय? पण सरांचा पाय बॉलच्या ठेक्यावर हलत होता. म्हणजे जागे होते. मग डोळे मिटून हे पाहतात तरी काय, या विचाराने कुशलला पहिली काही मिनिटं सुचेचना.

गार्गी नावाची उंच पोरगी मुलींच्या टीमचा मुख्य आधार होती. तिचा बॉल रिंगला लागून बाहेर आला.

"काय झालं?" कुशलने विचारलं. आवाजही अगदी सरांचा.

"लांब, सर."

"चूक. आखूड गेला. नीट पाहत जा."

पुढचा बॉल हुकला तेव्हा गार्गीने उत्तर द्यायच्या आधी कुशलच्या तोंडाकडे पाहिलं. मग सगळेच तसं पाहू लागले. कुशलची नजर घारीची होती. कुठला बॉल कुठे बोटभर हुकला ते त्याला लांबून दिसायचं, आणि कुणी चुकीचं सांगितलं की तो तिथल्या तिथे पकडायचा. एकही चूक निसटली नाही. प्रॅक्टिस संपली तेव्हा त्याला वाटलं की एवढी काटेकोर तर सरांनीही कधी घेतली नसेल.

सरांनी डोळे उघडले. "तुले सगळं दिसत होतं ना बे?"

"हाव सर. एकूण एक."

"हं," सर म्हणाले आणि खुर्ची उचलून गेले. या 'हं'चा अर्थ काय, ते कुशल रात्री जेवताना बायकोला विचारत बसला. ती म्हणाली, "हं म्हणजे हं."

दुसऱ्या दिवशी समीना आली. ती निंबाखाली उभीच राहिली नाही. कधी बास्केटखाली, कधी मधल्या रेघेवर, कधी पोरांच्या मागून चाल, असं तिचं चाललं होतं. कोर्टाबाहेर बसलेल्या कुशलला ते पाहून बरं वाटत होतं. रिवाज मोडून राह्यली, तो मनात म्हणाला. सरांना हे खपणार नाही. सर आजही डोळे मिटूनच बसले होते.

गार्गीचा बॉल आखूड पडला. समीनाने काय झालं म्हणून विचारलंच नाही. ती जवळ गेली आणि म्हणाली, "एक गोष्ट मले समजून नाही राह्यली. उडी मारायच्या आधी तू उजवा पाय अर्धाच टेकवते. काऊन?"

गार्गीने आपल्या पायाकडे पाहिलं.

"मी चुकत असीन. मागून नीट दिसलं नाही मले. तूच सांग."

"घोटा मुरगळला होता, ताई," गार्गी अडखळत म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात. आता दुखत नाही तसा. पण पाय टेकवायची भीती वाटते."

"हे कोणाले सांगितलं होतं?"

"नाही. कोणी विचारलं नव्हतं."

कुशल उठून उभा राहिला आणि परत बसला. मागच्या पावसाळ्यापासून ही पोरगी रोज त्याच्या डोळ्यांसमोर खेळत होती. तिचा प्रत्येक आखूड बॉल त्याने पकडला होता. घोट्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याला लाज वाटली, पण फार वेळ नाही. माणूस अशा वेळी लगेच दुसरा आधार शोधतो. घोट्याचं काम डॉक्टरचं, त्याने स्वतःला समजावलं. कोच निवडायचा आहे, डॉक्टर नाही. आणि 'काय झालं' तर हिने एकदाही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी त्याला कोर्टावर बोलावलं. कुणीच नव्हतं. निंबाखाली पिवळी पानं पडली होती आणि सर बगलेत बॉल धरून उभे होते.

"मॅडमकडे जाऊन राह्यलो," सर म्हणाले. "त्याच्या आधी तुले सांगतो. समीनाचं नाव देतो मी."

कुशलला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण शांत राहू. तो शांत राहिला नाही.

"काऊन सर? माझं काय चुकलं? तुमच्यासारखंच केलं मी सगळं. ती तं तुमची पद्धतच पाळत नाही. जिथं तुम्ही उभे राह्यता तिथं ती उभीसुद्धा राह्यली नाही. एवढी वर्षं मी तुमच्या बाजूले..."

सरांनी त्याला बोलू दिलं, मग बॉल त्याच्याकडे टाकला. "मार."

"आता?"

"मार ना बे."

कुशलने बॉल फेकला. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली आला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"तुम्ही पाह्यलं ना."

"नाही पाह्यलं."

"समोरच तं उभे आहात, सर."

सरांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "आता मले तू दिसत नाही. निंब दिसत नाही. उजेड हाय एवढं समजते. या उजव्या डोळ्याले नोकरीच्या सुरवातीलेच बॉल लागला होता, तवापासून हे असं. एका डोळ्यानं बॉल तं दिसते, पण रिंगच्या अलीकडं पडला का पलीकडं, त्याचा अंदाजच येत नाही. लांब का आखूड, मले कधीच कळलं नाही. सांगितलं असतं तं म्हणाले असते, हा काय शिकवीन पोट्ट्यांले. म्हणून पोट्ट्यांलेच विचारत गेलो."

कुशल त्यांच्याकडे बघत राहिला. तिरपी मान. चांगल्या डोळ्याला नाक आड येऊ नये म्हणून वळवलेलं तोंड. त्या कोपऱ्यातून एकाच डोळ्याला जेवढं कोर्ट मिळतं तेवढं. आत्मपरीक्षण नाही, आश्रम नाही, काही नाही.

"म्हणजे ते सगळं..."

"मले माहीत नव्हतं म्हणून विचारत होतो. पोट्टं सांगन तेच खरं धरा लागे. कधी चुकीचं सांगत, पण मले पकडता येत नव्हतं. मंग तेच बेटे नीट पाहायले शिकले. तुले दिसते, कुशल. तुझी नजर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली हाय. पण उत्तर खिशात ठेवून तू विचारतो. पोट्ट्यांले ते समजते. परवा मी डोळे मिटून ऐकलं, तुझ्या प्रॅक्टिसमधी पोट्टे हळूहळू बोलायचेच बंद झाले."

कुशलला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा हे कळत नव्हतं. "एवढी वर्षं सांगितलं काऊन नाही मले?"

"तू विचारलं नाही."

सरांचा आवाज चढला नव्हता. उलट तो जरा उतरलाच. "रोज बाजूले उभा राह्यत होता तू. माझी मान घेतली, आवाज घेतला. सर, तुमची मान अशी काऊन, एवढंही कधी विचारलं नाही. मी वाट पाहे, खरं सांगतो. साऱ्या गावानं आपापले अर्थ लावले. एकच पोट्टी विचाराले आली होती, पहिल्याच वर्षी. सर, तुम्हाले इकडच्या डोळ्यानं दिसत नाही काय? मी हाव म्हणलं. तिनं आजलोक कोणाले सांगितलं नाही."

ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. कुशल कोर्टाकडेच्या पायरीवर बसला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. जागा गेली याचं दुःख होतंच. पण ज्या माणसाला आपण देव मानला त्याच्याविषयी आपल्याला साधं कुतूहलही वाटलं नाही, हे त्याहून जास्त लागत होतं.

सर बाजूला बसले. त्यांनी हात पुढे केला, कुशलची हनुवटी धरली आणि तोंड समोर वळवलं.

"मान सरळ कर बे," ते म्हणाले. "तुले तं दोन डोळे हाय."

मग विचारलं, "तिच्यासंगं राह्यशील इथं?"

उत्तरासाठी न थांबता सर मॅडमकडे गेले.

संध्याकाळी पोरं आली तेव्हा बातमी त्यांच्या कानांवर आलेली होती. छोटे सर आज येणार नाहीत असंच सगळे धरून होते. कुशल आला. सवयीने तो निंबाकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि कोर्टाच्या मधल्या रेघेवर जाऊन उभा राहिला. समोर बघताना मानेची एक शीर दुखत होती.

गार्गीने बॉल फेकला. हुकला. आखूड पडला होता. त्याने स्पष्ट पाहिलं. गार्गीने उत्तर शोधत त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

कुशल तिच्याजवळ गेला. "तो घोटा," तो म्हणाला, "कसा मुरगळला होता?"

गार्गीने मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला विचारलं की काय म्हणून. मग ती सांगू लागली. घराच्या पायऱ्यांवरून पाय घसरला होता, पोहे घेऊन वर जात होती, आई ओरडेल म्हणून घरीही सांगितलं नव्हतं. गोष्ट लांबत गेली. बाकीची पोरं बॉल हातात धरून खोळंबली. कुशलला त्यातलं काहीच आधी माहीत नव्हतं, म्हणून तो ऐकत राहिला.