या वेळची झडप

खालच्या जबड्याचा डावा सुळा गुलाबी मेणात अगदी सरळ बसला होता, म्हणून तिने गरम सुरीच्या टोकाने तो सैल केला आणि बोटाने किंचित तिरका ढकलला — माणसाचे दात काय पट्टी लावून उगवतात होय? इतके सरळ लावले की बाईंनी कवळी बसवलीय हे समोरच्याला लांबूनच कळतं. कवळ्या करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दवाखान्यांतून ठसे यायचे, ठशावरून प्लास्टरचा जबडा, जबड्यावर मेण, मेणात एकेक दात. कधी एखादे आजोबा थेट लॅबमध्येच यायचे आणि कवळी हातात उलटीसुलटी करून विचारायचे, किती वर्षं टिकेल हो ही? ती मान वर न करता सांगायची, सहा-सात वर्षं आरामात, मग हिरडी झिजते, कवळी हलायला लागते... तेव्हा नवीन करू. नवीन करू! जसा काही चहाच टाकायचा आहे.

काल डॉक्टर तिच्याशी नेमक्या याच सुरात बोलले होते. पडद्यावर तिचं हृदय करड्या रंगात उघडमीट करत होतं आणि ते पेनाने दाखवत होते — झडपेच्या ह्या पाकळ्या, बघा, जाड झाल्यात, कडक झाल्यात, पूर्ण उघडत नाहीत. तसं छानच चाललं म्हणायचं, सोळा वर्षं काढली हिने. तरुण माणसात त्या याहूनही लवकर कडक होतात. नळीने जुन्या झडपेतच नवी बसवता येते, पण तुमची मुळात मापाने लहान, तेव्हा पुन्हा छाती उघडावी लागेल. कुठली बसवायची ते ठरवून सोमवारी सांगा... आणि ती मान डोलवत राहिली. जिना चढताना दम लागतो तो वजन वाढलं म्हणून, असं सगळ्यांना सांगत होते मी, भात बंद केला, रोज चालायला लागले, आणि चालताना मधेच थांबून चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करत होते.

सोळा वर्षांपूर्वी सर्जननेही दोन्ही पर्याय समोर ठेवले होते. धातूची झडप जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळीही जन्मभर, आणि पोटात मूल असेल तर ती गोळी धोक्याची. दुसरी, जनावराच्या हृदयावरच्या पातळ आवरणापासून शिवलेली, तिला ती गोळी जन्मभर लागत नाही — पण दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागणार. नवरा फरशीकडे बघत म्हणाला होता, तू म्हणशील तसं. ती सत्तावीस वर्षांची होती. त्या वयात पंधरा वर्षं म्हणजे पुढचा जन्मच. जनावराची बसवा, ती म्हणाली होती, पुढचं पुढे बघू. दोन वर्षांनी मुलगी झाली.

आणि तेव्हापासून एक वाक्य तिच्याजवळ होतं. तुझ्यासाठी मी ही झडप घेतली. मुलीने दार आपटलं, क्लास बुडवून थाप मारली, 'तू माझ्यासाठी केलंस तरी काय' असं तोंडावर म्हणाली, की ते वाक्य जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची. हुकमाचा पत्ता... आत्ताच नको. कधीतरी असा पडेल की पोरीची बोलतीच बंद होईल.

शाळा सुटल्यावर मुलगी लॅबमध्ये आली. पेन्सिली कुरतडायची म्हणून लहानपणापासून तिला खारूच म्हणायचे. दप्तर टेबलाखाली ढकलून ती स्टुलावर बसली.

"बाबांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "परत ऑपरेशन."

"हो."

"मी वाचलं सगळं. धातूची झडप झिजतच नाही. मग पहिल्यांदाच ती का नाही बसवली? कुठल्या शहाण्याने ठरवलं हे?"

आईने सुरी खाली ठेवली. "मी."

"का पण?"

आता. याहून चांगली वेळ कुठली येणार होती? पत्ता हातात होता, आणि समोर खारू — चिडलेली, म्हणजे घाबरलेली, तिला घाबरलं की चिडायचीच सवय, बापावर गेली आहे. तुझ्यासाठी... पण त्या खोलीत तू होतीस कुठे? तिथे सर्जन होते, तुझा बाबा होता आणि मी होते. नणंदेचं बाळ मांडीवर घेतलं की मला परत द्यायला नको वाटायचं. रात्रंदिवस एकच हाव होती, आणि त्या हावेपुढे पंधरा वर्षं मला स्वस्त वाटली. यात तुझा काय संबंध?

"मला मूल हवं होतं," ती म्हणाली. "धातूची बसवली असती तर त्या गोळ्या आल्या असत्या. त्यात मूल होऊ देणं धोक्याचं होतं."

खारूने ट्रेमधला एक सुटा दात उचलला, परत ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं? तू नव्हतीसच. हौस माझी."

हे म्हटल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटलं — इतकी वर्षं मनातल्या मनात केवढी मोठी झाले होते मी, केवढा त्याग, आणि आता उरली एक साधी बाई, जिला एक गोष्ट हवी होती आणि ती मिळाली. तिला रागही आला, कोणाचा ते कळेना.

"मग आता कुठली?" खारूने विचारलं.

धातूची म्हणजे पुन्हा ऑपरेशन बहुधा नाही, पण गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, आणि इथे रोज सुरी नाहीतर घासायचं मशीन बोटाला लागतं, ते रक्त थांबता थांबणार नाही. दुसरी म्हणजे साठीच्या आसपास तिसऱ्यांदा छाती उघडायची.

"तुम्हा दोघांना जे सोयीचं..." तिने सुरुवात केली.

"आमचं काय त्यात?" खारू म्हणाली. "तुला कुठली हवीय?"

तिने तोंड उघडलं. सवयीने कोणालातरी पुढे करायला गेली — नवरा, पोरगी, लॅबचं काम — आणि कोणी सापडेना. मला हवंय काय? वर्षं हवीत. पुष्कळ हवीत, दहा-पंधराने नाही भागायचं माझं, आणि ती कोणासाठी नकोत, नुसती हवीत... ही हाव तिच्या ओळखीची होती, फक्त या वेळी तिच्यापुढे काहीच स्वस्त वाटत नव्हतं. खारू उत्तराची वाट बघत होती. कालच्या रिपोर्टनंतर पहिल्यांदाच आई घाबरली, अगदी स्वतःपुरती, आणि ते मुलीपासून लपवायला तिने मानही खाली घातली नाही, दिसू दिलं.