डावीकडे वीस अंश

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी इचलकरंजीतल्या चौगुल्यांचं घर डावीकडे वीस अंश कललं आणि तसंच राहिलं. उंची चार हजार फूट. स्वयंपाकघरात वैजयंती धिरडी घालत होती. तव्यावरचं पीठ एका बाजूला ओघळलं आणि धिरड्याची चंद्रकोर झाली. तिनं गॅस बारीक केला आणि सासूला हाक मारली.

"आई, आज उतरवलं नाही का अजून?"

"ढोबळेभाऊ चहा आणायला गेलेत," इंदूआजी म्हणाली. "येतीलच की."

घर उडतं हे त्या घरात कुणाला नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, इंदूआजीला एकोणसत्तरावं लागलं तेव्हा, नातीनं म्हणजे केतकीनं तिला कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ लावून दिला आणि डायनिंग टेबलाला जॉयस्टिक आवळून दिली. तेव्हापासून आजीनं विमान उचललं की घर उचललं जायचं. चारला वर, साडेपाचला खाली. इतकं हलक्या हातानं खाली, की शेगडीवरच्या दुधाची साय मोडायची नाही. आजीचा मुलगा सुहास सहाला कामावरून यायचा, तोवर, विमान कुठल्याही धावपट्टीवर टेकलेलं असो, घर तिसऱ्या मजल्यावर जिन्याला पुन्हा येऊन टेकलेलं असायचं. त्या मंगळवारी मात्र तो दाढदुखीनं घरीच होता, आणि चार हजार फुटांवर दाढ जास्त ठणकते हे त्याला तेव्हा कळलं.

आजी काही एकटी उडायची नाही. ‘चारची फेरी’ नावाचा एक गटच होता. अकरा माणसं, सगळी साठीच्या पुढची, अकरा गावांत आपापल्या कॉम्प्युटरपुढे कानाला हेडफोन लावून बसलेली. उडता उडता कुणाचा मोतीबिंदू, कुणाची सून, कुणाच्या गावात पेरू कसे, सगळं निघायचं. हसून हसून इंदूआजी, गुडघा बदललेला असतानाही, एकदा खुर्चीवरून घसरली होती. त्यात आजी आणि वरोऱ्याचे वामन ढोबळे यांची जोडी. विमान एक, खुर्च्या दोन. डावी तिची, उजवी त्यांची. ते बसायचे वरोऱ्यात, पण आजी आपल्या उजव्या हाताला डायनिंगची एक खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्यावर केतकीला दप्तरसुद्धा टाकू द्यायची नाही.

कामाची वाटणी पहिल्या दिवशीच झाली होती. उचलायचं आजीनं, उतरवायचं ढोबळ्यांनी. आजीनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं लोकांचे कॉल जोडून दिले होते. गोष्ट सुरू करून द्यायची आणि बाजूला व्हायचं, हे तिच्या अंगात होतं. ढोबळे कोळशाच्या खाणीत होते. माणसांनी भरलेला लोखंडी पाळणा जमिनीच्या पोटात सोडायचं यंत्र ते चालवायचे. किती खोल आलो ते कळावं म्हणून खाणीच्या भिंतीवर चुन्यानं आकडेही तेच लिहायचे.

"तीस वर्षं माणसं खाली सोडली ताई, एकाचा गुडघा नाही वाकला," ते म्हणायचे. "वर काय, कोणीबी नेते."

"मग न्या की उद्या तुम्हीच."

"नाही बाप्पा. वर पाहिलं का मले चक्कर येते."

आणखी एक नियम होता, तो आजीनंच घातलेला. चालू उड्डाणात एकाला उठायचं असलं तर त्यानं "आलोच" म्हणायचं, आणि तो येईपर्यंत दुसऱ्यानं विमान डावीकडे कलतं धरून त्याच जागी फेऱ्या मारायच्या. आलोच म्हणून गेलेल्या माणसाला सोडून उतरायचं नाही.

मंगळवारी कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी वीस मैलांवर असताना ढोबळे म्हणाले, "ताई, जरासा चहा घेऊन येतो. उगाच घाम येऊन राहिला. आलोच."

आजीनं घर कलतं केलं.

बुधवारी सगळे त्याला सरावले. सूर्य दर चार मिनिटांनी घराला एक फेरी घालत होता. गॅलरीतून आत शिरायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून सरकत न्हाणीघराच्या झरोक्यात जायचा आणि परत गॅलरीत. केतकीनं दहावीची भूमिती एक पायरी उन्हात, एक पायरी सावलीत अशी सोडवली. चमचे, लिंबं, सुहासच्या दाढेच्या गोळ्या, जे जे घरंगळू शकत होतं ते सगळं डाव्या भिंतीशी जमलं. खाली पंचगंगा दोऱ्यासारखी दिसत होती. गावातल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत नव्हता, आणि जन्मापासून तो ऐकत आलेल्या वैजयंतीला त्यामुळे धड बसवेना.

इंधनाचा काटा एक रेघ खाली आला. त्याबरोबर घर एक हात आत आलं. भिंती दोन्हीकडून सारख्या सरकल्या आणि सोफा टीव्हीला चिकटला.

"आई, हे काय आहे?" सुहासनं विचारलं.

"इंधन कमी झालं की तेवढं घर परवडत नाही," आजी म्हणाली. डोळे स्क्रीनवर, हात जॉयस्टिकवर.

तिच्या हेडफोनमध्ये वरोऱ्याची खोली चालू होती. ढोबळ्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला नव्हता. त्यांचा पंखा ऐकू येत होता, दर फेऱ्याला एकदा करकरणारा. मग उंबऱ्याशी चपला काढल्याचे आवाज आले. खूप चपला. कुणीतरी विचारलं, "नागपूरचे निघाले का? त्यांच्यासाठी किती थांबायचं?" एक बाई काहीतरी म्हणाली आणि मधेच थांबली. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, लाइन चालू आहे का एवढंच ऐकायचं, लाइनीवर काय चाललंय ते ऐकायचं नाही. आजीनं तेहतीस वर्षं हे पाळलं होतं. आताही पाळलं.

"काय ऐकू येतंय?" वैजयंतीनं विचारलं.

"पंखा."

वसईचे फर्नांडिस सर शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्तीनंतर ते गटाचे कंट्रोल टॉवर झाले होते. रोज चारला त्यांचा आवाज यायचा.

"इंदूताई, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"वारा सांगा."

"पश्चिमेकडून, आठ. पण आपले ढोबळे..."

"धावपट्टी मोकळी आहे ना, सर?"

"कालपासून मोकळीच ठेवलीय. बाकी सगळे उतरले, ताई. वर फक्त तुम्ही आहात."

"मग ठेवा मोकळी," आजी म्हणाली. "आलोच म्हणून गेलेत ते."

गुरुवारी काटा आणखी दोन रेघा उतरला. खिडक्यांचे कोपरे झिजून त्या गोल झाल्या. छत दोन्ही बाजूंनी खाली वळलं आणि सुहासला मान वाकवून चालावं लागायला लागलं. न्हाणीघरात अंग चोरून गेलं तरच जाता येत होतं, नंतर तेही नाही. तांदूळ तासभर शिजवून कच्चेच राहिले. सुहास आईच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दाढेवर हात, मान तिरकी.

"आई, तू उतरव."

"मला येत नाही."

"दोन वर्षं शेजारी बसून बघितलंस की."

"कुठं बघितलं? ते उतरवायला लागले की मी डोळे मिटायचे." आजीनं जॉयस्टिक सावरली. "चाकं टेकल्यावर ते सांगायचे, ताई, उघडा आता."

केतकीला गप्प बसवेना. "आजी, मी बसते ना त्यांच्या खुर्चीत. मला जमेल. खरंच जमेल."

"ती जागा भरलेली आहे."

"रिकामी आहे," सुहास म्हणाला. "धडधडीत रिकामी आहे. एका रिकाम्या खुर्चीपायी तू चार माणसं..."

वैजयंतीचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नाही. "तुमचे ते भाऊ, मला मान्य आहे. त्यांच्या गप्पांनी तुम्हाला परत भूक लागायला लागली, तेही मी बघितलंय. पण हा तुमचा मुलगा आहे, आई. आणि ही पोरगी आहे."

"दिसतंय मला," आजी म्हणाली. जॉयस्टिकवरची बोटं तीन दिवस वळलेलीच होती, आता ती सरळ होत नव्हती. "मी उतरवलं की फेरी संपली. फेरी संपली की नाव पुसलं जातं, या वेळी ते परत येणार नाही. वर आहोत तोवर ते चहाला गेलेत. एवढंच धरलंय मी. जास्त काही धरलेलं नाही."

सूर्य गॅलरीतून आत आला आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून एकेक करून सरकत गेला.

शुक्रवारी घर एवढं अरुंद झालं की चौघांना एकामागे एक बसावं लागलं. पुढे आजी, मग केतकी, वैजयंती, शेवटी सुहास, त्याचे गुडघे फ्रिजला टेकलेले. फ्रिजही आता शाळेच्या दप्तराएवढा राहिला होता. फक्त सगळ्यात पुढे, टेबलापाशी, दोन खुर्च्या अजून शेजारी शेजारी होत्या. उजव्या खुर्चीची कड आजीच्या बरगडीत रुतत होती. काटा शेवटच्या रेघेवर होता.

"ती काढूया," सुहास मागून म्हणाला. "अर्धा हात जागा मिळेल. आई, श्वास तरी घेता येईल." केतकीनं हात लांब करून खुर्चीची पाठ धरली. आजीनं तिच्या हातावर हात ठेवला. दोघींपैकी कुणीच जोर लावला नाही.

तेवढ्यात हेडफोनमध्ये खरखर झाली.

"हॅलो. कोणी आहे का इकडे?"

आजीच्या तोंडून सवयीनंच गेलं, "बोला."

"मी कुंदा. वामन ढोबळेंची मुलगी. हा कॉम्प्युटर मंगळवारपासून चालूच आहे. आता मी पुण्याला निघून राहिली. बंद करू का?"

"नको."

"तुम्ही इंदूताई का?"

"हो."

"बाबा तुमचं सारखं सांगत. ताई, बाबा मंगळवारी..."

"कुंदा," आजी म्हणाली, "उजव्या खुर्चीत बसशील का?"

"त्यांच्याच खुर्चीत आहे मी."

आजीच्या उजवीकडची खुर्ची कुणी टेकल्यासारखी थोडी वाजली. केतकीनं तिच्यावरचा हात काढून घेतला.

"समोर एक पांढरा आकडा असेल. तो वाचत राहा. बाकी काही करायचं नाही. बाकी काही सांगायचंही नाही. उतरल्यावर सांग."

"बरं," कुंदा म्हणाली. तिला रडू येत होतं, पण तिनं नाक ओढलं आणि वाचलं, "चार हजार."

आजीनं घर सरळ केलं. चार दिवस डाव्या भिंतीशी पडलेले चमचे एकदम जमिनीवर सांडले. सूर्य एका खिडकीत थांबला. आणि काटा तळाला टेकून इंजिन बंद झालं. त्या शांततेत खालून मागांचा खडखडाट वर आला, आधी बारीक, मग ओळखीचा. वैजयंतीनं डोळ्यांना पदर लावला.

"तीन हजार," कुंदा म्हणाली. "दोन हजार आठशे."

ऊस दिसायला लागला. विहिरी दिसायला लागल्या. डोंगराच्या पठारावर उजळाईवाडीची धावपट्टी सरळ रेघ होऊन समोर आली. "इंदूताई, अगदी बरोबर येताय," फर्नांडिस सर म्हणाले. "असंच. नाक जरा वर." आजीनं नाक वर घेतलं. जन्मात पहिल्यांदा तिनं हे डोळे उघडे ठेवून पाहिलं. कडेचे दिवे दोन्ही बाजूंनी मोठे होत आले, पांढरे पट्टे आले, गवतातली टिटवी उडाली तीसुद्धा दिसली.

"पन्नास. वीस. दहा." कुंदाचा आवाज आता स्थिर होता. "शून्य."

धक्का बसला नाही.

"टेकलो?" सुहासनं विचारलं. त्यानं फ्रिजवरची पकड सोडली.

"शून्य," कुंदा परत म्हणाली. "ताई, आता उणे दाखवून राहिलं. उणे पाच. उणे पंधरा."

गोल खिडकीबाहेर तांबडी माती आली. ती वर सरकली, मग मुरूम आला, मग दगड. घर त्याच गतीनं, तसंच सावकाश खाली चाललं होतं.

"इंदूताई, तुम्ही मला दिसत नाही," फर्नांडिस सर म्हणाले. "धावपट्टी आहे. धावपट्टी जशीच्या तशी आहे. तुम्ही कुठे..." त्यांचा आवाज तिथेच तुटला.

"आजी, वर घे."

आजीनं जॉयस्टिक पोटापर्यंत ओढली. दोन्ही हातांनी ओढली. कपाळावरची शीर फुगली. घर वर आलं नाही.

"आई, निदान थांबव," सुहास म्हणाला.

"थांबत नाही." तिनं हात सैल सोडून पाहिला, परत धरला. "हळू करता येतंय. तेवढंच येतंय."

"मग हळू कर," वैजयंती म्हणाली आणि तिनं पुढे वाकून सासूच्या खांद्यावर हात ठेवला. केतकीनं वैजयंतीचा दुसरा हात धरला. सुहासला कुणाचा हात पोचला नाही, म्हणून त्यानं बायकोच्या पदराचं टोक धरलं.

"उणे दोनशे," कुंदा म्हणाली. "अजून किती आहे, ताई?"

बाहेरचा दगड आता काळा आणि ओला होता, आणि त्याच्यावर कुणीतरी चुन्यानं आकडे लिहिले होते, दर पन्नास फुटांना एक, ठसठशीत हातानं. दोनशे. अडीचशे. तीनशे. कुंदानं वाचायच्या आधीच ते खिडकीत येत होते. तीनशेपर्यंतचे आकडे जुने, कडांना उडालेले होते. चारशेच्या आकड्याचा चुना अजून ओला होता, त्याचे ओघळ खाली आलेले होते. केतकीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि साडेचारशे जवळून जाताना त्याच्या चारवर बोट टेकवलं. हात आत घेतला तेव्हा बोट पांढरं झालं होतं.