ओटीतले दगड

बोटांतून रक्त येत होतं आणि प्रभावतीला ते कळत नव्हतं. बोंडाच्या वाळल्या टरफलाची टोकं सुईसारखी. हात कुठून घालायचा हे वेचणारीच्या बोटांना आपोआप ठाऊक असतं. तिची बोटं ते विसरली होती.

"तुहा कापूस पाह्य व, परभा!" शेजारच्या ओळीतून, आपल्या पातीवरून, सुखीबाई दबक्या आवाजात म्हणाली.

ओटीतल्या पांढऱ्याशुभ्र कापसावर लाल ठिपके उमटले होते. सुखीबाई तांड्यावरची, नातवंडं झालेली बंजारीण. मुकादमाला दिसायच्या आत तिनं ठिपक्यांचा कापूस उचलून मातीत पुरला आणि आपल्यातला ओंजळभर प्रभावतीच्या ओटीत टाकला. पऱ्हाटीच्या आडून प्रभावती पुटपुटल्यासारखी गायली,

पांढऱ्या शेतामंधी, लाल थेंब कोणी सांडला
मुक्या बाई बोटानं माह्या, आपला जीव मांडला

"गाऊ नको," सुखीबाई म्हणाली. "मुकादम आयकन. बोट बांध पयले."

दुखणं सुरू झालं ते वस्तीनं नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आधी एक डोळा धुरकटला आणि महिन्याभरानं आपोआप निवळला. मग पाय. आपण जमिनीवर उभ्या आहोत की कापसाच्या ढिगावर, हे तळव्यांना उमगेना. हिवाळ्यात जरा बरं वाटायचं, ऊन तापलं की सगळं परत यायचं. नवरा उकंडा वणीला कोळशाच्या खाणीत होता. तो तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं लांब नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि समजावलं, "मेंदूतून निघणाऱ्या नसांवरची साल सोलली जाते, बाई. दुखणं येईल, जाईल, पुन्हा येईल. औषध नाही. आराम करा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर उकंडा हसला. "आराम कोन्त्या दुकानात भेटते म्हणा?" मग हसता हसता त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यानंतर त्याचं गावी येणं कमी कमी होत गेलं.

घरात ती आणि सासू रुखमाबाई. चूल पेटायची ती पुंडलिकरावांच्या शेतातल्या वेचणीवर. पुंडलिकरावांना धडधाकट बाई लागे. मागच्या साली एक जण चक्कर येऊन पडली, तर दुसऱ्या दिवशी तिची पात दुसरीला गेली. मुकादम पंजाबराव वस्तीतलाच, पण मालकापुढं त्याचं काही चालत नसे. म्हणून प्रभावतीनं दुखणं लपवलं. ते एकट्या सुखीबाईला ठाऊक होतं.

सुखीबाईच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी रिकाम्या अंगानं शेतावर जाताना प्रभावती झोकांड्या खायची. संध्याकाळी ओटी गच्च भरली की सरळ चालायची. बाया टोमणे मारत, "जाताना पिते अन् येताना उतरते!" सुखीबाईनं आपला घागरा हलवून दाखवला.

"हे आरसे पाह्य, ह्या कवड्या पाह्य. हे ओझं अंगावर नसतं तं मी वाऱ्यानंच वणीले गेली असती, तुह्या नवऱ्याच्या उरावर."

वाटेतल्या नाल्यातून तिनं चपटे दगड वेचले, फडक्यात गुंडाळून प्रभावतीच्या कंबरेला ओटीसारखे बांधले. "चाल."

प्रभावती चालली. दगडांच्या भारानं कंबर ठिकाणावर आली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला आपले पाय आपले वाटले. सुखीबाईचा दंड धरून ती नाल्यातच हसत उभी राहिली. त्या दिवसापासून शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला दगड ठेवायचे, वेचायचं, कापूस मोजून दिला की येताना पुन्हा बांधायचे, असं चाललं. तो हिवाळा असा निभावला.

पण नाला तोच होता. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं घराघरातले देव त्याच पाण्यात सोडले होते. रुखमाबाई त्या दिवशी घरापर्यंत मागे वळून वळून पाहत आली होती. आता खुंटीवर टांगलेलं सुनेचं फडकं तिनं चाचपलं, आत गुळगुळीत दगड लागले, आणि म्हातारीचा जीव हरखला. सुनेनं देव गुपचूप परत आणले! तिनं कुणाला न सांगता कुठूनसा शेंदूर मिळवला आणि एका दगडाला बोटभर लावला.

प्रभावतीच्या पुन्हा धुरकटू लागलेल्या डोळ्यांना तो दिसला नाही. तिच्या लुगड्यावर उमटलेला शेंदरी डाग विहिरीवर वस्तीतल्या इंदूबाईला दिसला.

रविवारी सकाळी निंबाखाली वस्ती बसली. मधे वस्तीचे पुढारी, म्हातारे डोमाजी. पंजाबराव एका कडेला सुपारी कातरत होता.

"परभा बेटा," डोमाजी म्हणाले, "माह्या बापाचा देव मी ह्याच हातानं पाण्यात सोडला. तू काहून आणला परत?"

"मी देव नाही आणले, मामा."

"मंग कंबरेले दगड बांधून कोन फिरते व?" इंदूबाई म्हणाली. "नवस असन मोठा!"

बाया हसल्या. डोमाजींनी हात वर केला. "शेंदूर कोन लावला?"

रुखमाबाईनं पदर तोंडात धरला होता. दुसरा हात तिनं मांडीखाली दडपला. प्रभावतीला सगळं समजलं.

"मले माहीत नाही," ती म्हणाली.

"पाह्य, एक घर फिरलं की दहा फिरतात. मंग आपण कायले गेलतो नागपूरले?" डोमाजींचा आवाज उतरला. "चूक झाली म्हण. दगड नाल्यात टाक, पंचशील म्हण. कोणी नाव नाही काढणार. नाही तं मयतीलेही कोणी येणार नाही तुह्या दारी."

सोपं होतं. चूक झाली म्हणायचं. पण दगड टाकले की उद्या शेताच्या वाटेवर ती सगळ्यांसमोर पडणार. आणि खरं सांगितलं तर पंजाबराव समोरच बसला होता. ऊन निंबाच्या फांद्यांतून खाली उतरलं होतं, पाय मऊ पडत चालले होते.

"हे देव नाहीत, मामा," ती म्हणाली. "हे माह्ये पाय आहेत."

कुणालाच कळलं नाही. तिनं कंबरेचं फडकं सोडलं, दगड जमिनीवर ठेवले आणि डोमाजींकडे चालू लागली. पहिलं पाऊल पडलं. दुसरं भलतीकडेच गेलं. हात हवेत काही शोधत राहिले आणि ती निंबाच्या ओट्याच्या कडेवर कपाळानं आदळली. कुणीतरी हसलं. पंजाबरावच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

कुंपणाशी तांड्यावरच्या बाया थांबल्या होत्या. त्यांतून सुखीबाई घुसली. "सरका वो, बाप्पा! पाह्यलं नं डोळे भरून?" तिनं प्रभावतीला बसतं केलं, कपाळ पदरानं दाबलं. डोमाजी स्वतः उठले. त्यांनी एकेक दगड उचलून फडक्यात ठेवला. शेंदराचा दगड हातात आला तेव्हा क्षणभर थांबले, धोतरानं तो पुसला आणि तोही ठेवला.

संध्याकाळी पंजाबराव दाराशी आला. आत आला नाही. "मालकाले कळलं व. उद्यापासून पातीवर येऊ नको. माह्या हाती असतं तं..." प्रभावतीच म्हणाली, "जाय, भाऊ. तुलेही घर आहे."

रात्रभर रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी उठून तिनं लुगड्याचा काचा मारला आणि ओटी खोचली.

"कुठं चालल्या, आत्याबाई?"

"पातीवर. काल दाराबाहेर गाठून पंजाबरावले म्हणलं, पात ह्याच घरची राहीन." ती चौकटीशी थांबली. "तू माह्यं नाव नाही घेतलं."

प्रभावतीनं तिच्या ओटीची गाठ घट्ट केली. वाकलेली म्हातारी तांड्यावरच्या बायांच्या मागून गेली. घरात भाकर टाकताना प्रभावतीचा तळहात तव्यावर टेकला. भाजल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं.

दिवस कलताना सुखीबाई आली, हाताची फडकी बदलली. "तुही सासू अर्धं बोंड झाडालेच ठेवते. मी मागून राहिलेला कापूस पुसत जाते."

"भांडते का तुह्यासंग?"

"भांडते नं! म्हणते, बंजारनीनं माह्या बोंडाले हात नाही लावाचा."

दोघी हसल्या. मग कंबरेला दगड बांधून, सुखीबाईच्या खांद्यावर हात ठेवून प्रभावती दारापासून निंबापर्यंत निघाली. फाल्गुन लागला होता, हवेत झळ होती. अर्ध्या वाटेवर तिचं पाऊल पुन्हा भलतीकडे गेलं.

"सुखीबाई, दगडानंही भागलं नाही तं?"

सुखीबाईनं तिच्याकडे पाहिलं. खोटं उत्तर तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं.

"मंग बसू," ती म्हणाली, आणि तिथंच, वाटेतल्या तापल्या धुळीत, तिला धरून खाली बसली.