सीतादही

विमलबाईंनी फळा पुन्हा पुसला. त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, पण हातांना काम हवं होतं. लिंबाखाली चटया रिकाम्या होत्या आणि खुर्चीत पंचायत समितीचे साहेब बसले होते.

शाळा सुटलेल्या पोरींसाठी हा दुपारचा वर्ग. भावंडं कडेवर घेऊन या, उशिरा या, शेणाच्या हातानं या, पण या, असं दारोदार सांगून बाईंनी तो उभा केला होता. आज पोरी दिसल्या नाहीत, तर वर्ग बंद होणार होता. आणि नेमकी आजच केसरबाईंच्या वावरात सीतादही! कापसाची पहिली वेचणी. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, झाडांवर दही शिंपडायचं, मगच बोंडाला हात लावायचा. गावातल्या झाडून साऱ्या पोरी तिकडे गेलेल्या.

केसरबाई म्हणजे धामणगावातली सगळ्यात मोठी कपाशी आणि सगळ्यात मोठा आवाज. दिवस बदला म्हणून विनवायला बाई काल त्यांच्याकडे गेल्या होत्या.

"मुहूर्त का मी काढला?" केसरबाई म्हणाल्या होत्या. "तुमच्या साहेबालेच सांगा ना, परवा ये म्हणून."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वर्ग कुठे आहे, बाई?"

एखादी थाप बाईंच्या अगदी जिभेवर आली होती. पण त्या उठल्या.

"वावरात आहे. चला, दाखवते."

साहेब वावरात उतरले. बाई मात्र बांधावरच थांबल्या. नवरा गेल्यापासून असल्या कार्याला त्या लांबूनच हात जोडत. लांब राहा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी या म्हटलंही नव्हतं.

साहेबांना पाहून पोरी उठल्या आणि एका सुरात "नमस्ते गुरुजी" म्हणाल्या. त्यांच्यातल्या गोकर्णेच्या कडेवरचा भाऊ दचकून रडू लागला.

"लिहिता येतं का काही?" साहेबांनी तिला विचारलं.

गोकर्णेनं भावाला खाली ठेवलं, कपाशीची वाळकी काडी मोडली आणि काळ्या मातीत आपलं नाव लिहिलं. मग आईचं. मग गावाचं. बांधावर विमलबाईंचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी साहेब मान हलवत वळले.

"वर्ग चालू राहू द्या, बाई."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तोवर बाया दह्याची वाटी घेऊन झाडांकडे निघाल्या होत्या.

"अवो, पाय देऊ नका त्याच्यावर!" केसरबाई ओरडल्या आणि स्वतः त्या अक्षरांना वळसा घालून गेल्या. दोन पावलांवर थांबल्या. वाटीकडे पाहिलं, मग बांधाकडे.

"बाई, तिथं काऊन उभ्या? या खाली. दही तुम्ही शिंपडा."

"मी? केसरबाई, अहो, मी..."

"मले सारं माईत हाय. या पोरींच्या हाताले अक्षर तुम्हीच लावलं ना? वाईट झालं का कोणाचं?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गोकर्णा तेवढी धावत गेली आणि बाईंचा हात धरून त्यांना खाली घेऊन आली.

बाईंनी वाटी घेतली आणि घाईघाईनं दही शिंपडलं. पहिलं दही झाडावर न पडता साहेबांच्या बुटावर पडलं. पोरी खुदकन हसल्या, साहेबही हसले.

"सावकाश, बाई," केसरबाई म्हणाल्या. "वावर मोठं हाय."